ढोरं, लाईन, शाळा आणि पाहुणे सांभाळून तंबूची एक रात्र कशी जमवायची?

संत्रा_वरुड (धागाकर्ता)

वरुड-मोर्शी पट्टा. घरची शेती, दोन दुभत्या म्हशी, एक माणूस नोकरीत (शनिवार-रविवार सुट्टी), दोन शाळकरी पोरं आणि सत्तरीपुढचे दोघं. अशा घरानं वर्षातून दोनतीनदा एक रात्र बाहेर तंबूत काढायची म्हटली तर ती कोणती धरावी? "मनात आणलं की वेळ निघतो" असलं उत्तर नको. जून ते ऑक्टोबर वावर सोडत नाही, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू, मार्च संपला की ऊन. मधल्या फटी नेमक्या कोणत्या, मागं घर कोणावर सोडायचं आणि वीस-बावीस तासांत काय बसतं, एवढं सांगा. रिसॉर्टचे पत्ते नकोत.

झेडपी_मास्तर

पंचांग उघडा आणि पौष शोधा. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत, वर्षागणिक थोडा मागंपुढं. पौषात लग्नं नाहीत, म्हणजे शनिवारी संध्याकाळी कोणाचा मांडव बुडत नाही आणि "आमच्याकडं आले नाहीत" हे वर्षभर ऐकावं लागत नाही. थंडीही नेमकी तेव्हाच असते: तंबूत झोप लागते, साप कमी फिरतात, डास कमी.

दुसरं गणित शनिवारचं. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, पण शाळा आणि दवाखाने त्यात नाहीत. शनिवारी सकाळची शाळा असते, पोरं दुपारच्या आत घरी. जेवण करून दोनला निघायचं. या दिवसांत आपल्याकडं साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो, त्यामुळं जागा तासाभराच्या रस्त्यावर हवी, ४० किलोमीटरच्या आत. तीनला पोचलात तर चारपर्यंत तंबू उभा राहतो आणि जागा उजेडात तपासून होते. दीड-दोन तास लांबची जागा धरली की तंबू अंधारात ठोकावा लागतो आणि पुढचं सगळं बिघडतं. रविवारी अकरापर्यंत घरी. तारीख ठरवण्याआधी शाळेत स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा कधी आहेत ते विचारा, दोन्ही जानेवारीतच येतात.

वावरवाला

मास्तर, पौष बराबर हाय, पण पिकाले पौष समजत नाही ना जी. ज्याच्या वावरात जे हाय त्याच्यावर त्याची फट ठरते.

संत्र्याची अंब्या बहाराची (थंडी सरता फुलणारी) बाग असन तं माल उतरल्यावर डिसेंबरात झाडं ताणावर असतात, पाणी बंद. भारी जमिनीत ताण बसाले जास्त दिवस लागतात, हलक्या जमिनीत लवकर बसते. जानेवारीच्या मधात ताण तोडला का मंग आळे, खत, पाणी, फुरसत संपली. म्हणून अंब्यावाल्यानं ताण तोडाच्या आधीचा शनिवार धरावा. मृगवाल्याचं (पावसाळ्यात फुलणाऱ्या बहाराचं) उलटं. त्याच्या झाडावर त्या वक्ती माल लटकून असते, पाणीबी द्या लागते अन् राखणबी करा लागते. त्यानं माल गेल्यावर फेब्रुवारी-मार्चात पाहावं, तवा रात्री अजून बऱ्या असतात.

हरभऱ्याले ओलिताची सोय असन तं एक पाणी फांद्या फुटताना, पेरणीपासून ३०-३५ दिवसांनी, अन् दुसरं घाटे धरताना, ६०-६५ दिवसांनी. मधात तीन-चार आठवडे सापडतात. कापसावाल्यानं दोन येचण्याच्या मधात जावं. पण कापूस घरात भरून असन तं ते घर एकटं सोडू नका, अन् राखणाले बिडी ओढणारा माणूस बसवू नका.

बाकी, वावरात तं कास्तकार जागलीले रोजच झोपते, त्याले तंबू कायले पायजे हे मले अजून समजलं नाही. पण पोट्ट्यायले पायजे असन तं न्या.

पऱ्हे_गोंदिया

धानपट्टीचं वेगळं आहे. चुरणे, मळणी आणि खरेदी केंद्रावरचा नंबर हे उरकेपर्यंत डिसेंबर जातो. उन्हाळी धान घेणार असाल तर लगेच पऱ्हे (धानाची रोपं) टाकायचे आणि जानेवारी-फेब्रुवारीत रोवणी, म्हणजे फट जवळपास नाहीच. उन्हाळी धान नसेल तर जानेवारी पूर्ण मोकळा. पण इथं लग्नांपेक्षा मोठी अडचण नाटकाची. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि नाटकं सुरू होतात, गावात नाटक असलं की पाहुणे घरी मुक्कामाला. आपल्या गावच्या आणि सासुरवाडीच्या नाटकाची तारीख आधी विचारा, मग तंबूची ठरवा. त्या रात्री घराला कुलूप दिसलं तर सोयरीक तुटायची वेळ येते.

संत्रा_वरुड

पौष आणि ताण एकत्र येतात हे लक्षात आलं नव्हतं. बाग अंब्याचीच आहे. पण पाच एकर हरभरा आहे आणि शेतीपंपाची लाईन (वीज) एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्या शनिवारी रात्रीची पाळी आली तर? मोबाईल स्टार्टर लावून तंबूतून मोटर चालू करता येईल का?

तीन_फेज

चालू होईल. करू नका.

मोबाईल स्टार्टर मोटर सुरू-बंद करतो, व्हॉल्व्ह फिरवत नाही. रात्रभर एकाच पट्ट्यात पाणी जातं. तुषार संचाचा एक सांधा निसटला तर सकाळपर्यंत तिथं डबकं होतं, आणि भारी जमिनीत पाणी साचलं की हरभरा पिवळा पडून मर लागते. त्यात एक फेज गेला आणि प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) बिघडलेला असला तर मोटर जळते, विहिरीचं पाणी खाली गेलं आणि ड्राय रनची (पाण्याविना चालणारी मोटर थांबवायची) सोय नसली तरी तेच. या दोन्ही गोष्टींची तपासणी माणूस तिथं उभा राहून करतो, फोनवरून होत नाही.

सोपं काम असं: तुमच्या फीडरची पाळी कोणत्या दिवशी बदलते ते लाईनमनला विचारून कॅलेंडरवर महिनाभराची लिहून ठेवा. दिवसपाळीचा शनिवार धरा. शुक्रवारी ओलीत उरका, निघताना स्टार्टर ऑटोवर ठेवू नका, मेन स्विच पाडा. ऑटोवर राहिला तर लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते, घरी कोणी नसताना. सौर पंप असेल तर हा प्रश्नच नाही, तो दिवसाच चालतो.

आणखी एक, ओलिताचं नाही पण लाईनचंच आहे. रानडुकरासाठी काही लोक कुंपणात थेट लाईन सोडतात. ते बेकायदा आहे आणि माणसं मरतात. झटका मशीन वेगळं, त्याचा करंट थांबून थांबून येतो. दुसऱ्याच्या शेतात तंबू लावणार असाल तर मालकाला आणि चारही धुऱ्यांच्या (बांधांच्या) शेजाऱ्यांना स्पष्ट विचारा की रात्री तारेत काय असतं. अंधारात लघवीला धुऱ्याकडं जाणं पोरांना बंद.

ढेप_कुटार

म्हशींचं कोणीच बोललं नाही. खरी मेख तिथंच आहे.

दोन धारा सोडाव्या लागतात: शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ. धार चुकवून चालत नाही, कासेत दूध तुंबलं की दगडी (कासेची सूज) होते. म्हैस अनोळखी हाताला पान्हा चोरते, म्हणून बदली माणूस त्याच दिवशी आणू नये. आधीचे तीन दिवस त्यानं संध्याकाळची धार तुमच्या शेजारी बसून काढायची, चौथ्या दिवशी एकट्यानं. वेळ तीच, बादली तीच, बांधायची जागा तीच. सरकी ढेप दोन धारांची मोजून दोन वेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवा. बदली माणूस दूध वाढावं म्हणून मूठभर जास्त टाकतो आणि रविवारी म्हैस पातळ शेण टाकते. कुटार (भुसा) आणि पाणी मोकळं असू द्या. व्यायला पंधरा दिवस उरलेलं किंवा नुकतंच व्यालेलं जनावर असेल तर तारीख पुढं ढकला, यात तडजोड नाही.

माणूस कोण? मजुरीनं शोधाल तर शनिवारी संध्याकाळी येईलच असं नाही. त्यापेक्षा इर्जिक करा. बैलांची करत होतो तशी धारांची. शेजारच्या घराच्या दोन धारा तुम्ही काढायच्या, तुमच्या दोन त्यांनी. त्यांना लग्नाला, देवाला, दवाखान्यात जायला तुमचा हात लागतोच. आधी तुम्ही त्यांचं काम करा, मग मागा. डेअरीच्या पुस्तकाची आणि कॅनची जागा दाखवून ठेवायची.

वावरवाला

ढेपवाल्या भाऊ, हे पटलं. इर्जिकच खरी. पैशानं राखलेला माणूस मोबाईल पाहत बसते, इर्जिकीवाला आपल्या ढोरासारखं पाहते, कारण पुढच्या वक्ती त्याचं ढोर तुमच्या हाती असते.

तिफण_ताई

सगळ्यांनी म्हशीची सोय लावली, बाईची कोणी लावली नाही.

घरच्या बाईसाठी ही सहल शुक्रवारी सुरू होते: पीठ, मसाले, डबे, पोरांचे कपडे, मागं राहणाऱ्यांचा स्वयंपाक. आणि रविवारी संध्याकाळी भांडी, धुणं. अशानं दुसऱ्यांदा ती "तुम्हीच जाऊन या" म्हणेल आणि धागा तिथंच संपेल. म्हणून ठरावीक जेवण, दरवेळी तेच. संध्याकाळी रोडगे, वांग्याची भाजी, वरण. सकाळी पोहे. रोडगे आपल्याकडं पुरुषच भाजतात, तर मळण्यापासून त्यांनीच करावेत.

आठ माणसांना दीड किलो जाडसर कणीक, पाव वाटीपेक्षा थोडं जास्त तेलाचं मोहन, ओवा, मीठ, घट्ट मळलेली. एका रोडग्याला लहान-मध्यम-मोठ्या तीन पुऱ्या, मधे तेल, मोठीनं बाकीच्या झाकून गोळा बंद करायचा. २५-३० गोवऱ्या. धूर पूर्ण संपून इंगळ झाल्यावरच आत ठेवायचे, नाहीतर वरून कोळसा आणि आत कच्चे. पाऊण तास, मधे दोनदा फिरवून. गोवऱ्या सव्वापाचला पेटवल्या तर साडेसातला जेवण होतं. पोरांना त्याआधी भूक लागते, मुरमुरे-फुटाणे वेगळे ठेवा.

वेळेचं म्हणाल तर मार्गशीर्षातले गुरुवार अडवत नाहीत, शनिवार मोकळा असतो. पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, त्यातले शनिवार-रविवार बहुतेक गेलेले. म्हणून पौषातला संक्रांतीच्या आधीचा भाग धरा. मास्तरांनी अख्खा पौष मोकळा करून टाकला होता.

आडोशाचं आधीच ठरवा. चार बांबू, एक जुनी ताडपत्री, तंबूपासून तीसेक पावलांवर आणि पाण्यापासून किमान २०० फूट. एक फूट खोल खड्डा, शेजारी मातीचा ढीग आणि टमरेल. पॅड पुरायचे नाहीत, जाड पिशवीत परत आणायचे. हे नसेल तर बायका दुपारपासून पाणी पीत नाहीत आणि रात्री डोकं दुखतं.

झेडपी_मास्तर

ताई, मान्य. संक्रांतीच्या आधीचाच शनिवार.

संत्रा_वरुड

म्हणजे अंब्याचा ताण, संक्रांतीच्या आधीचा पौष, दिवसपाळीची लाईन. या तिन्हीत बसणारे शनिवार दोनच उरतात, त्यातला एक धरून दुसरा राखीव ठेवतो. आता जागा. अप्पर वर्धा धरणाच्या काठी की मेळघाटात?

सालई

मेळघाटात स्वतःचा तंबू कुठंही ठोकता येत नाही. व्याघ्र प्रकल्प, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान यांत विनापरवाना शिरणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि राखीव जंगलात विस्तव पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली. पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा, ताडोबा, सगळीकडं हेच. राहायचं तर वनविभागाच्या परवानगीच्या निवासातच. आकाश बघायचं असेल तर पेंचचा विचार जरूर करा. जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो, अमावास्येजवळ आला तर पोरांसाठी त्याहून चांगली रात्र नाही. तिथं रोडग्यांचा विस्तव मात्र नाही.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या बाजूच्यांनी हा धागा वाचून शेतात तंबू लावू नये. वाघ तिथं संरक्षित क्षेत्राबाहेरही राहतात. तंबूचं कापड म्हणजे भिंत नव्हे. गावाच्या आत, कुंपणाच्या आत, एवढंच.

धरणाच्या काठाचं: पाटबंधारे विभागाच्या माणसाला सांगून जा. भिंतीखाली, सांडव्याच्या वाटेवर, नाल्याच्या पात्रात नाही. पाणी उतरल्यावर उघडा पडलेला सपाट, हिरवा काठ मोहात पाडतो, पण खाली गाळ असतो. माणूस गुडघ्यापर्यंत जातो, गाडी तर निघतच नाही. काठापासून मुरमाड उंचवट्यापर्यंत मागं सरका. थंड हवा रात्री खोलगटात साचते, उंचवटा दोन अंश तरी उबदार असतो.

पहिल्या वेळी माझं ऐका तर मित्राच्या शेतातला मुरमाड तुकडा घ्या, जिथं विहीर आणि पक्का रस्ता आहे. सोयाबीन निघून पडीत राहिलेला उत्तम. उभी तूर या दिवसांत वाळत आलेली असते आणि पऱ्हाटीचा (कापसाच्या काड्यांचा) ढीग ठिणगीवर पेटतो, दोन्हींपासून लांब. चुलीभोवती दहा फूट खरवडून स्वच्छ, शेजारी भरलेली बादली.

तंबू_पेटी

काळ्या मातीत का नको तेही सांगतो. ओली असेल तर खुंट्या रात्रीत सैल होतात. कोरडी असेल तर भेगा, आणि भेगांत विंचू. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या मुरुमात वाकतात. वेल्डिंगवाल्याकडून ८ एमएम सळईच्या, १० इंच लांब, डोकं वाकवलेल्या बारा करून घ्या. सोबत हातोडा.

खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच लहान हवी. बाहेर राहिली तर दव तिच्यावर गोळा होऊन थेट खाली येतं. "तंबू गळतो" अशा बऱ्याच तक्रारी मुळात याच असतात. दुसरी तक्रार: सकाळी आतून पाणी टपकतं. ती श्वासाची वाफ आहे. थंडी म्हणून खिडक्या पूर्ण बंद केल्या की हमखास. वरची जाळी उघडी ठेवा, दार बंद.

थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते. दोन ब्लँकेटं पांघरण्यापेक्षा एक खाली घाला. धानपट्टीत तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) अर्धा फूट थर ताडपत्रीखाली उत्तम, पण ढिगाच्या वरचं, कोरडं. तळचं नको, त्यात विंचू आणि किडे असतात.

आणि शेगडी तंबूत न्यायची नाही. विझत आलेले इंगळही नाहीत. कोळशाचा विषारी वायू वासानं कळत नाही, झोपलेला माणूस उठत नाही.

वेळ वाचतो तो पेटीमुळं. एक पत्र्याची पेटी कायम भरलेली: तंबू, खुंट्या, हातोडा, दोरी, दोन टॉर्च (सेल बाहेर काढून), पातेलं, झारा, मीठ-तिखट, काडेपेटी, सुतळी, खुरपं. झाकणाच्या आत यादी चिकटवा. गोणीत तंबू ठेवला तर उंदीर पावसाळ्यातच कुरतडतात. पत्र्याच्या छपराखाली ठेवला तर ऊन आणि दमटपणानं आतला लेप चिकट होऊन सोलतो, असा तंबू मग दुरुस्त होत नाही. रविवारी आल्या आल्या तंबू दोरीवर दोन तास वाळवायचा, संपलेलं मीठ-तेल तेव्हाच भरायचं. मग पुढच्या वेळी घर सोडायला वीस मिनिटं. पाणी चौघांना एका रात्रीसाठी २० लिटरचा एक जार पिण्या-रांधण्याला, भांड्यांचं वेगळं.

उपकेंद्र_सिस्टर

थोडक्यात लिहिते.

पावसाळ्यात आणि ऑक्टोबरपर्यंत गवतात बसणं-झोपणं टाळा. स्क्रब टायफस गवतातल्या बारीक किड्याच्या अळीनं होतो, २०१८ मध्ये विदर्भात त्याची साथ आली होती. सहलीनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला आणि काखेत, जांघेत, कमरेला काळी खपली दिसली तर डॉक्टरांना "गवतात झोपलो होतो" हे स्वतःहून सांगा. औषध साधं आहे, उशीर झाला तर आजार गंभीर होतो.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावलेलं दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, उलटी, पापण्या जड होणं, एवढ्यावर दवाखाना गाठायचा. दोरीनं आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक नाही. पाय किंवा हात हलू न देता फळीला बांधा आणि १०८ लावा. निघण्याआधी सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं ते विचारून ठेवा. उपकेंद्रात ते नसतं. तंबूची चेन प्रत्येक वेळी पूर्ण लावा, बूट आत घ्या.

मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या शनिवार रात्र आणि रविवार सकाळ अशा दोन पुड्यांत, वर मोठ्या अक्षरात. धार काढायला येणाऱ्यालाच सांगा की सकाळी आजोबांशी दोन शब्द बोलून तुम्हाला फोन करायचा. वेगळा माणूस नेमायची गरज नाही.

संत्रा_वरुड

सिस्टर, ही शेवटची सोय कामाची. ताई, रोडग्यांचं पीठ मळायचं काम माझ्याकडं घेतलं. एक विचारायचं राहिलं: अवकाळी आला तर? जानेवारीत एखादवेळी ढग येतात, गारपीटही होते.

तीन_फेज

गुरुवारी हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघा, शुक्रवारी संध्याकाळी परत. मेघगर्जनेचा किंवा गारपिटीचा इशारा असेल तर राखीव शनिवार वापरा. धारवाल्याला गुरुवारीच "शुक्रवारी रात्री पक्कं सांगतो" म्हणून ठेवा, म्हणजे तोही अडकून राहत नाही.

वावरवाला

अन् तिथं गेल्यावर इज चमकली तं झाडाखाली नाही, तंबूतबी नाही. गाडीत बसा, काचा वर. म्हणून गाडी तंबूजवळ, तोंड रस्त्याकडं करून लावा लागते, अन् चाबी सगळ्यायले ठाऊक असन अशा जागी.

ढेप_कुटार

तसं झालं तर रात्रीच परत या, पण सकाळची धार बदली माणसालाच काढू द्या. ठरवलेल्या माणसाला पहाटे पाचला उठवून "आता नको" म्हटलं तर पुढच्या वर्षी इर्जिक जमणार नाही.